समोरच्या टोकाची तार

मित्रांनो, हसू नका, पण या काचेच्या बाटलीतून तुमच्याशी बोलणारी मी एक जुनी प्लॅटिनमची तार आहे. जाड दोऱ्याएवढी, करडी, कापसावर वेटोळं घालून बसलेली. सरळ केलं तर अडीच वीत भरेन. प्रयोगशाळा बघायला येणारी मुलं मोठ्या यंत्राभोवती गोळा होतात आणि जाता जाता एखादं पोर विचारतं, "ह्या बाटलीत काय आहे हो?" कुणीतरी म्हणतं, "जुनी तार आहे, तिला आता आराम दिलाय." कसला आराम आणि कसलं काय! मला इथे क्षणभर चैन नाही. पोटात एक गोष्ट ठेवून किती दिवस गप्प बसायचं? आज सांगूनच टाकते.

माझा जन्म खाणीतला. मला वितळवलं, ठोकलं आणि पोलादी पट्टीतल्या भोकातून ओढलं. मग त्याहून बारीक भोकातून, मग त्याहून बारीक. दर वेळी वाटायचं, चला, सुटले. लगेच पुढचं भोक तयार! शेवटी जी उरले, ती एका लहान पुडक्यात बसून या विद्यापीठात आले. इथल्या तेव्हाच्या म्हाताऱ्या सरांनी मला पेन्सिलीवर गुंडाळून अकरा वेढे दिले. ते वेढे आजही तसेच आहेत.

माझा तोरा काय विचारता! लोखंड गंजतं, तांबं हिरवं पडतं, चांदी काळवंडते. मला आम्लात बुडवा, ज्योतीत धरा, मी जशीच्या तशी. 'हिला काही होत नाही,' असं जो तो म्हणायचा आणि मलाही ते खरं वाटायचं. गर्वाचं घर खाली म्हणतात ना, ते पुढे येईलच.

माझं काम समजून घ्या, म्हणजे पुढचा घोळ कळेल. काचेच्या भांड्यात थोडं आम्ल घातलेलं पाणी असतं. त्यात दोन टोकं बुडवायची आणि वीज सोडायची. एका टोकाला हायड्रोजनचे बुडबुडे येतात, दुसऱ्याला ऑक्सिजनचे. हायड्रोजन जाळला की धूर नाही, काजळी नाही, परत पाणीच. वीज उन्हापासून घेतली तर सगळाच कारभार स्वच्छ. हायड्रोजनच्या टोकाला कोणता धातू लावला तर कमी विजेत जास्त बुडबुडे येतील, याचा शोध इथे चालतो. सरस प्लॅटिनमच, पण ते पडतं फार महाग. आज हा पत्रा, उद्या तो. मी मात्र कायम समोरच्या टोकाला. सगळ्यांचे डोळे पत्र्यावर. माझ्याकडे कोण बघतंय? पण मी नसते तर वीज कुठून गेली असती? दोरी ओढायलासुद्धा समोर कुणीतरी लागतंच की.

माझ्याकडे बघणारा एकच माणूस होता, भांडारातले काका. महाग वस्तू म्हणून माझ्या कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. कुणी मला मागितलं की काका चिमट्याने उचलायचे, काचेच्या पेटीतल्या नाजूक वजनकाट्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "चला बाईसाहेब, वजन द्या." काम संपून परत आले की पुन्हा वजन. बाटलीवरच्या चिठ्ठीत आकडा लिहायचा, खाली सही. दोन ग्रॅम चारशे सोळा मिलिग्रॅम. अठरा वर्षं तोच आकडा. पोरं चेष्टा करायची, "काका, तार काय डाएटवर आहे का?" काका म्हणायचे, "जाताना तोलावं, येताना तोलावं. मग रात्री झोप लागते."

मग नवे सर आले. माणूस लाख, पण सदा पळत. त्यांच्या तोंडी एकच शब्द, "पुढे?" कुणी काही सांगायला लागलं की अर्ध्यातच, "बरं, पुढे?" त्यांना काकांची ही वजनाची रीत म्हणजे वेळेचा सत्यानाश वाटली. "काका, इथे कुणी चोर नाही. तार इथेच राहू दे, यंत्राजवळ." काकांची बदली परीक्षा विभागात झाली. किल्ली कपाटाला लटकत राहिली. त्या दिवसापासून मला कुणी तोललं नाही. तेव्हा मला बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? सारखं चिमट्यात लटकणं कुणाला आवडतं?

त्याच सुमारास मुंगी आली. हे नाव काकांनीच जाता जाता ठेवलेलं. लहानखुरी, चपळ, हातात सतत काहीतरी घेऊन इकडून तिकडे निघालेली. संशोधनाच्या पदवीसाठी आलेली आणि हट्टी किती! तिला असा पत्रा करायचा होता की ज्यात महागडा धातू कणभरही नाही. साधं निकेल, साधं लोखंड. म्हणजे मित्रांनो, गंमत बघा. मला घरी बसवायचं म्हणून हा सगळा खटाटोप आणि त्यातही समोरच्या टोकाला मीच! आपल्याच निरोपसमारंभाच्या खुर्च्या मांडाव्यात, तसं माझं झालं. पण मला तिचा राग नाही आला. तिचं म्हणणं खरं होतं. माझ्या किमतीने हायड्रोजन बनवायचा ठरवला तर गरिबाच्या घरी तो कधी पोचायचा?

हे काम दोन विद्यापीठांनी मिळून करायचं ठरलं होतं. आमच्याकडे पत्रा बनवायचा आणि तपासायचा. दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात तसाच पत्रा नव्याने बनवून पुन्हा तपासायचा. दोन्हीकडे आकडा जुळला की दुसरा टप्पा, मोठं यंत्र. तिकडे एक मॅडम होत्या, हळू बोलणाऱ्या पण करड्या. आणि त्यांच्या हाताखाली एक विद्यार्थी. तो प्रत्येक वाक्याआधी थांबायचा, विचार करायचा, मग बोलायचा. सरांना हे कुठलं सोसतंय? त्यांनी त्याचं नाव 'सावकाश' ठेवलं आणि ते दोन्ही विद्यापीठांत रूढ झालं.

मुंगीने पत्रा लावला. पहिल्या दिवशी मिनिटाला साडेतीन मिलिलिटर हायड्रोजन. ठीकठाक. तिने यंत्र बंद केलं नाही, दिवसरात्र चालू ठेवलं. आठवड्याने पाच. पंधरा दिवसांनी सात. चाळिसाव्या दिवशी नऊ! पत्रा म्हणे चालेल तसा सुधारत जातो. सरांनी टेबलावर हात आपटला. "अगं, वापरून सुधारणारा धातू! पुढे? पुढे काय, लिहून काढ!" पत्र्याचे फोटो निघाले. लेख लिहिला गेला, छापायला स्वीकारलाही गेला.

आणि मी? मित्रांनो, मला त्याच दिवसांत काहीतरी होऊ लागलं होतं. पूर्वी मी पाण्यात अर्धा तास असायची, फार तर तास. आता चाळीस-चाळीस दिवस सलग. माझ्या अंगावरून काहीतरी सुटत होतं. दुखत नव्हतं. नखं कापताना कुठे दुखतं? कण इतके बारीक की मलाही आधी भास वाटला. मग मी नीट बघितलं. माझे कण आम्लात उतरत होते, विजेच्या ओढीने पलीकडे जात होते आणि त्या निकेलच्या पत्र्यावर जाऊन बसत होते. बुडबुडे कोण काढत होतं? मीच! पत्रा आपला आयत्या बिळावर नागोबा. नऊ मिलिलिटरमधले साडेतीन त्याचे, बाकीचे माझे. त्याचाही दोष नाही म्हणा, त्याला कुठे माहीत होतं?

सुरुवातीला, सांगायला लाज वाटते, मला मनातून गंमत वाटली. निघालात मला काढायला? बघा, माझ्याशिवाय तुमचं पान हलत नाही! पण ही गंमत चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी संगणकाच्या पडद्यावर सावकाश दिसला.

"ताई, माझ्याकडे साडेतीनच येतायत," तो मुंगीला म्हणाला. तो तिच्याहून तीन वर्षांनी लहान.

"चाळीस दिवस चालवलंस?"

तो थांबला. "चव्वेचाळीस."

"पाणी नीट गाळलेलं घेतोस ना?"

"तीनदा गाळतो."

"मग हात धुऊन पुन्हा कर बाबा," मुंगी म्हणाली. चिडून नाही, पण म्हणाली.

त्याने पुन्हा केलं. चाळीस दिवस म्हणजे थोडे का? पुन्हा साडेतीन. मुंगीने त्याला एकतीस पायऱ्यांची कृती स्वतःच्या हाताने लिहून पाठवली. पत्रा किती वेळ घासायचा, आम्ल किती थेंब, भांडं कुठल्या फडक्याने पुसायचं, सगळं. फक्त चौथ्या पायरीत तिने लिहिलं, 'नेहमीची जोडणी करावी.' नेहमीची! मी चौथ्या पायरीत होते मित्रांनो, पण माझं नाव नव्हतं. स्वयंपाकात पाणी लागतं हे कोण लिहितं? तसंच झालं. समोरच्या टोकाला काय लावलं हे लिहावंसं तिला वाटलं नाही आणि विचारावंसं त्यालाही वाटलं नाही. त्याची 'नेहमीची' वेगळी आणि हिची 'नेहमीची' वेगळी, हे दोघांच्या गावी नव्हतं.

त्याने एकतीसच्या एकतीस पायऱ्या केल्या. साडेतीन.

आता बोलणी बदलली. सर पडद्यावर त्याला म्हणायला लागले, "अरे, ही कामं हातात असावी लागतात. काहींच्या हातात नसतात." मॅडम एरवी कुणाला टाकून बोलत नसत, पण एकदा त्याही म्हणाल्या, "मलाच तुझी लाज वाटते." आणि मग ते ठरलं. महिनाअखेर दोन्ही विद्यापीठांची बैठक. तोवर नऊ आले नाहीत तर सावकाशला प्रकल्पातून काढायचं आणि त्याची जागा दुसऱ्याला द्यायची. त्याचं विद्यावेतन त्या जागेवर होतं, त्याची पदवी त्या जागेवर होती. पडद्यावर तो फक्त मान हलवायचा.

एका दुपारी तो मुंगीशी एकटाच बोलत होता. हसत म्हणाला, "ताई, घरी फोन केला की माझी आई जेवलास का विचारत नाही आता. 'आले का रे नऊ?' असंच विचारते. तिला नऊ म्हणजे काय हे माहीतही नाही. मी म्हणतो, येतील गं." मुंगीही हसली. मग तिने पडदा बंद केला आणि बराच वेळ नखं कुरतडत बसली.

मला काय झालं असेल, सांगा! चोर सोडून संन्याशाला फाशी चाललेली आणि चोर इथे काचेच्या भांड्यात बुडबुडे सोडत बसलेला. मी ओरडले असते, पण तारेला कुठला आवाज? एकदा स्क्रू ढिला पडला आणि मी जोडणीतून निसटले. आकडा धाडकन शून्यावर आला. मला वाटलं, आता तरी ही माझ्याकडे बघेल. मुंगीने बघितलं, "हत् तिच्या!" म्हणाली आणि स्क्रू घट्ट पिळला. झालं माझं बंड! पुन्हा वीज सुरू, पुन्हा माझे कण चालले पलीकडे. दिवस मोजत होते मी. बैठकीला अकरा दिवस राहिले, दहा राहिले.

पाच दिवस उरले तेव्हा एका सकाळी दार वाजलं आणि काका आत आले.

ते सेवानिवृत्त होणार होते. जाण्याआधी जुन्या भांडाराचा ताबा रीतसर सोडायचा, म्हणून प्रत्येक कपाटापुढे उभं राहून वस्तू तपासायची आणि सही करायची होती. बाटल्या झाल्या, भांडी झाली. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, "आमच्या बाईसाहेब कुठे आहेत?"

मुंगीने नुकताच नवा पत्रा लावण्यासाठी यंत्र थांबवलं होतं. तिने मला धुतलं, वाळवलं आणि काकांच्या चिमट्यात दिलं. किती दिवसांनी तो चिमटा! काकांनी काट्याचं काचेचं दार सरकवलं. "चला, वजन द्या."

आकडे हलले, थांबले. काका वाकून बघत राहिले. त्यांनी मला उचललं, ताटली पुसली, पुन्हा ठेवलं. पुन्हा उचललं. तीनदा केलं.

"दोन ग्रॅम चारशे नऊ," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "सात कमी."

सर दारातून जात होते, ते थांबले. "सात मिलिग्रॅम? अहो काका, चिमूटभर मीठ त्याच्याहून जड भरेल. करा सही. पुढे?"

"साहेब, चिठ्ठीवर अठरा वर्षं सही माझी आहे. उद्या कुणी म्हणालं, जाता जाता म्हाताऱ्याने तुकडा कापला, तर मी कुणाकुणाला सांगत फिरू?"

"काहीतरीच काय काका!" मुंगी पुढे आली. तिने त्यांच्या हाताला धरून त्यांना स्टुलावर बसवलं. "टोकं बघा ना हिची, जशीच्या तशी आहेत. कापली नाहीये हो कुणी. एवढं चालवलंय मी तिला, झिजली असेल."

"झिजली म्हणतेस?" काका अजून काट्याकडेच बघत होते. "जात्याचा दगड झिजतो तेव्हा पिठात कचकच लागते. ही झिजून कशात उतरली?"

मुंगीने माझ्याकडे बघितलं. मग भांड्याकडे. मग टेबलावरच्या चाळीस दिवस चाललेल्या, फोटो निघालेल्या त्या पत्र्याकडे. हो गं बाई, हो, मी काट्यावरून म्हणत होते, तिथेच बघ! सर कधीच निघून गेले होते. तिने फोन उचलला.

"अरे, तुझ्याकडे समोरच्या टोकाला काय लावतोस?"

"समोरच्या म्हणजे?"

"पत्र्याच्या समोर रे!"

"ते होय. नेहमीचंच. ग्राफाइटची कांडी."

"प्लॅटिनमची तार नाही?"

"नाही ताई. आमची तार मोडली दोन वर्षांपूर्वी. तेव्हापासून सगळे कांडीच लावतात." तो थांबला. मग हळूच म्हणाला, "का? ते पण चुकलं का माझं?"

मुंगीने डोळे मिटून घेतले. "नाही रे. ठेवते मी, नंतर बोलते."

त्या दिवशी तिने खण उपसून एक ग्राफाइटची कांडी काढली, पेन्सिलीच्या शिशासारखी काळी, बोटाएवढी जाड. माझ्या जागी ती लावली. नवा पत्रा, नवं आम्ल. मी शेजारी काचेच्या बशीत. साडेतीन. दुसऱ्या दिवशी साडेतीन. तिसऱ्या दिवशीही तेवढेच. वाढ नाही की घट नाही. त्याच वेळी तिने शेजारच्या भांड्यात पुन्हा मला लावून बघितलं. तिथे तीन दिवसांत आकडा चढायला लागला. जुन्या पत्र्याचा तुकडा तिने वरच्या मजल्यावरच्या तपासणी यंत्राकडे पाठवला. संध्याकाळी कागद आला. पत्र्यावर प्लॅटिनम होतं. अगदी किंचित, पण होतं.

ती स्टुलावर बसली आणि रडली. मित्रांनो, चार वर्षं त्या पोरीने या पत्र्यासाठी घालवली होती. लेख पंधरवड्यात छापून येणार होता. पदवी हाताशी आली होती. आणि हे आता फक्त तिलाच माहीत होतं. ती बोलली नसती तर? मला एक क्षण भीती वाटली, खोटं सांगत नाही. तिने ती कांडी उचलून परत खणात टाकली असती तर मी काय करणार होते?

तिने तोंड धुतलं आणि कागद घेऊन सरांना बोलावून आणलं.

सरांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. "कांडीत काही अशुद्ध असेल."

"तीन दिवस बघितलं सर."

"आणखी एकदा कर." मग ते फेऱ्या मारायला लागले. "हे बघ, परवा बैठक आहे. ती पार पडू दे, दुसरा टप्पा मंजूर होऊ दे. मग आपण शांतपणे सांगू. दुरुस्ती म्हणून. काय? पुढे सगळं..."

"सर, परवा त्या मुलाला काढणार आहेत," मुंगी म्हणाली. "मग सांगून काय उपयोग? पुढे नाही, आता मागेच जावं लागेल."

सर उभे राहिले. त्यांना कुणी असं अडवलेलं मी कधी बघितलं नव्हतं. चष्मा काढून ते काच पुसत राहिले, पुसलेलीच काच पुन्हा पुसत राहिले. "मी त्याला म्हणालो होतो, तुझ्या हातात काम नाही," ते म्हणाले. नंतर विचारलं, "मी सांगू की तू?"

"आकडा मी काढला. मीच सांगते."

बैठक दुपारी होती, याच खोलीत. मी टेबलावर, बशीत. पडद्यावर मॅडम, आणखी चारपाच मंडळी आणि कोपऱ्यात सावकाश, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याच्या हातात एक घडी केलेला कागद होता. मॅडम म्हणाल्या, "सुरुवात याच्यापासून करू. याला काही वाचायचं आहे."

सावकाशने घडी उलगडली. घसा साफ केला. "मला दिलेलं काम मी नीट करू शकलो नाही. माझ्या हलगर्जीपणामुळे दोन्ही विद्यापीठांचा जो वेळ..."

"थांब!" मुंगी उठून उभी राहिली. "वाचू नकोस ते. मॅडम, त्याला वाचू देऊ नका. चूक त्याची नाही, माझी आहे."

आणि तिने सगळं सांगितलं. मला चिमट्यात धरून पडद्यासमोर उचललं. "ही तार, हिचं आधीचं वजन इतकं, आताचं इतकं. हिचे कण जाऊन पत्र्यावर बसले. नऊ मिलिलिटर पत्र्याचे नव्हते, हिचे होते. चौथ्या पायरीत मी 'नेहमीची जोडणी' असं लिहिलं, तिथे मी चुकले. छापायला गेलेला लेख मी आज सकाळी परत मागवला आहे." तिचा आवाज मध्येच फुटला, पण ती थांबली नाही.

मग सावकाश हळूच म्हणाला, "ताई, म्हणजे साडेतीन खरे?"

"पहिल्या दिवसापासून खरे. सगळ्या प्रकल्पात खरा आकडा फक्त तुझाच होता."

त्याने हातातल्या कागदाची पुन्हा घडी घातली. "मॅडम, दोन मिनिटं," म्हणून तो खुर्चीवरून उठला आणि पडद्यातून बाहेर गेला. पण माइक चालूच राहिला होता. त्यामुळे या खोलीतल्या आणि त्या खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

"आई? मी बोलतोय. अगं, नऊ नाही आले... येणारच नव्हते गं. साडेतीनच बरोबर होते. हो. माझंच बरोबर होतं, आई." आणि मग तो असा रडला, की मॅडमनी मान खाली घातली. सर पडद्याजवळ जाऊन नुसते उभे राहिले. तो परत आल्यावर ते म्हणाले, "बाळा, मी तुला नको ते बोललो." एवढंच. पण ते वाक्य त्यांनी सावकाश म्हटलं आणि त्यानंतर ते "पुढे?" म्हणाले नाहीत.

पुढचं सगळं काही गोड झालं नाही. दुसरा टप्पा वर्षभर लांबला. मुंगीची पदवीही लांबली आणि काही लोकांनी तिला नावं ठेवली. पण पत्र्याची तपासणी आता सावकाशकडे आहे. दोघांनी मिळून नवा पत्रा केला, त्यातून मिनिटाला पाच येतात. ग्राफाइट समोर ठेवून, माझ्या मदतीशिवाय. नऊ नाहीत, पण खरे पाच! त्या एकतीस पायऱ्यांतली चौथी पायरी आता अशी आहे, 'समोरच्या टोकाला काय लावलं, ते नाव लिहावं. आधी आणि नंतर त्याचं वजन करावं.'

मला वितळवून टाकायचं ठरत होतं. मुंगीने नकार दिला. मला या बाटलीत ठेवलं आणि काकांच्या अठरा वर्षांच्या आकड्यांखाली स्वतः लिहिलं, 'दोन ग्रॅम चारशे नऊ. घट सात मिलिग्रॅम, वापरामुळे. काकांचा दोष नाही.' खाली सही केली, 'मुंगी'. तो कागद वाचायला काका मुद्दाम आले होते. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा खिशात ठेवला.

मित्रांनो, घरात, शाळेत, कुठेही कुणाची वाहवा चालली असेल, तेव्हा समोरच्या टोकाला कोण उभं आहे ते एकदा बघत जा. 'हिला काही होत नाही' म्हणून ज्यांना आपण सतत राबवतो, त्यांना अधूनमधून तोलून बघा. चुपचाप झिजत असतील. आणि एखाद्याचा आकडा तुमच्या आकड्याशी जुळला नाही, तर त्याचे हात वाईट ठरवण्याआधी स्वतःची चौथी पायरी वाचा. एवढंच सांगायचं होतं मला.

गेल्या महिन्यात सावकाश पहिल्यांदा इकडे आला. सगळ्यांना वाटलं, मला बघून त्याला राग येईल. मलाही तीच धास्ती होती. त्याने बाटलीचं झाकण काढलं, मला चिमट्याने उचललं, काट्यावर ठेवलं आणि आकडे थांबेपर्यंत श्वास रोखून उभा राहिला.

"चारशे नऊ," तो म्हणाला. "तेवढीच आहे."

त्याने चिठ्ठीवर आकडा लिहिला, सही केली आणि मला परत कापसावर ठेवताना म्हणाला, "बाईसाहेब, आई विचारत होती तुमच्याबद्दल."